पातूरची पाटी आणि राज्याचा धर्म

(चिखलदरा येथील कार्यकर्ता अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

'धर्म आणि राज्यसंस्था यांची फारकत व त्यासाठीचे न्यायालयीन लढे' असा विषय संयोजकांनी मला नेमून दिला आहे. मी कायद्याचा पंडित नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त होऊन घरी बसलो आहे. तेव्हा कलमांचा कीस काढणे माझ्याकडून होणार नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक खोड जडलेली असते. कोणताही मोठा सिद्धान्त समोर आला की तो विचारतो, याचा खर्च कोण देतो आणि याचा हिशेब कोणत्या वहीत लिहिला जातो? आजच्या विषयाकडेही मी त्याच खोडीने पाहणार आहे.

प्रारंभ दिल्लीपासून न करता आपल्या वऱ्हाडापासून करू. अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूर हे तालुक्याचे गाव लागते. तेथील नगर परिषदेच्या नव्या इमारतीवर पाटी लागली. वर मराठीत नाव आणि त्याखाली तेच नाव उर्दूत. एका माजी नगरसेविकेने त्यास हरकत घेतली. नगर परिषदेचा कारभार मराठीतच चालला पाहिजे, पाटीवरही उर्दू नको, असे त्यांचे म्हणणे. फेब्रुवारी २०२० मध्ये नगर परिषदेने बहुमताने हरकत फेटाळली. १९५६ पासून येथे उर्दूचा वापर होत आला आहे आणि गावातील पुष्कळ लोकांना ती भाषा समजते, असे कारण तिने दिले. हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी ती मान्य केली. मग काही सदस्य अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे गेले आणि एप्रिल २०२१ मध्ये आयुक्तांनी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश रद्द केला. प्रकरण नागपूर खंडपीठात गेले, तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले, मध्यंतरी २०२२ चा स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा कायदा झाला म्हणून पुन्हा नागपुरास आले आणि पुन्हा दिल्लीस पोचले. अखेर १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी अपील फेटाळले. भाषा म्हणजे धर्म नव्हे, भाषा प्रदेशाची आणि लोकांची असते, मराठीच्या जोडीला आणखी एका भाषेत पाटी लावण्यास कोणताही कायदा मनाई करीत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

एका पाटीवरील एक ओळ राहावी की पुसावी, हे ठरविण्यास पाच वर्षांहून अधिक काळ गेला. कोणी म्हणेल, यात धर्म कोठे आला? हा तर भाषेचा वाद. कागदावर तो भाषेचाच होता, हे खरे. परंतु उर्दू ही परकी आणि एका विशिष्ट धर्माची भाषा आहे, ही समजूत आपल्या समाजात इतकी मुरली आहे की न्यायालयाला निकालपत्रात भाषा आणि धर्म या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवाव्या लागल्या. फारकतीचा खटला तो हाच. राज्याच्या दारावर नागरिकाची भाषा लिहिली तर राज्य त्याच्या धर्माचे होत नाही. उलट, ती भाषा केवळ धर्माच्या संशयावरून पुसली तर मात्र राज्य दुसऱ्या कोणाच्या तरी धर्माचे होते.

आणि वऱ्हाडाने तरी फार्सी-अरबी शब्दांचा विटाळ मानावा काय? हरकतीचा 'अर्ज' ज्या 'जिल्ह्यात' झाला, जो 'दावा' 'वकिलांनी' चालविला, ज्या 'सरकारा'चा 'कायदा' त्यात काढला गेला, ते सगळे शब्द त्याच वाटेने मराठीत आले आणि आपले झाले. आपण जेथे बसलो आहोत तेथून गाविलगड हाकेच्या अंतरावर आहे. बहामनी आणि इमादशाही राजवटींनी उभारलेल्या त्या किल्ल्यावर फार्सी लेखही आहे आणि दरवाजावर गंडभेरुंडाचे शिल्पही आहे. कोणी एक पुसून दुसरे ठेवू म्हणेल तर त्याला वऱ्हाडाचा इतिहासच पुसावा लागेल.

आता या निमित्ताने फारकत म्हणजे नेमके काय, हे समजून घेऊ. अमेरिकेने १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने कोणताही धर्म राज्याचा म्हणून स्थापन करण्यास कायदेमंडळाला मनाई केली. फ्रान्सने १९०५ च्या कायद्याने चर्च आणि राज्य वेगळे केले. या दोन्ही देशांसमोर संघटित चर्च होते. आपल्यासमोर प्रश्न निराळा होता. येथे धर्माच्या नावाने माणसाला पाणवठ्यावर आणि देवळात मज्जाव केला जात होता. राज्याने धर्माकडे पाठ फिरवून उभे राहायचे ठरविले असते, तर अस्पृश्यता तशीच राहिली असती. म्हणून आपल्या घटनेने दुहेरी मार्ग स्वीकारला. अनुच्छेद २५ ने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आणि त्याच अनुच्छेदात धर्माशी निगडित आर्थिक व इतर ऐहिक व्यवहारांचे नियमन करण्याचा, तसेच समाजसुधारणेचा अधिकार राज्याकडे ठेवला. अनुच्छेद २७ ने सांगितले की विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कोणावरही कर लादता येणार नाही. अनुच्छेद २८ ने पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षणास बंदी केली. मान्यताप्राप्त व अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही, हेही तेथेच आहे.

'धर्मनिरपेक्ष' हा शब्द उद्देशिकेत १९७६ मध्ये आला, 'समाजवादी' या शब्दाबरोबर आला, आणि तो आणीबाणीत आला, हे आपण लपविण्याचे कारण नाही. परंतु त्याआधी घटना धर्मसापेक्ष होती, असा युक्तिवाद कोणी करील तर तो टिकणारा नाही. मी सांगितलेले तिन्ही अनुच्छेद १९५० पासूनचे आहेत. मार्च १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने धर्मनिरपेक्षता हे घटनेच्या मूलभूत चौकटीचे अंग असल्याचे मान्य केले. हे दोन्ही शब्द वगळावेत अशी मागणी करणाऱ्या याचिका नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्या. म्हणजे तत्त्व शाबूत आहे. माझा आजचा मुद्दा त्या पुढचा आहे. तत्त्व दिल्लीत शाबूत राहते आणि झिजते मात्र गावात. नगर परिषदेच्या ठरावात, शाळेच्या परिपाठात, अर्जाच्या रकान्यात ते झिजते. न्यायालय ही या वाटेवरची शेवटची पायरी आहे. पहिली पायरी आपण चढत नाही, ही आपली खरी उणीव आहे.

प्रथम पैशाचे पाहू. १९५४ मध्ये रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची परीक्षा झाली. धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेसाठी विश्वस्त संस्थांकडून घेतली जाणारी वर्गणी हा कर नसून सेवेबद्दलचे शुल्क आहे, म्हणून ती चालेल, असे न्यायालयाने ठरविले. कर आणि शुल्क यांतील हा भेद मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकविला. परंतु पुढे २०११ मध्ये हज अनुदानाच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की कराच्या उत्पन्नाचा भरीव हिस्सा एखाद्या धर्मासाठी वापरला, तरच अनुच्छेद २७ चा भंग होईल. नम्रपणे सांगतो, अर्थशास्त्राच्या दृष्टीने मला हा निकष पटत नाही. राज्याची थैली एकच असते. त्यातून लहान रक्कम काढली म्हणून तत्त्व लहान होत नाही. दुसऱ्याच वर्षी, २०१२ मध्ये, दुसऱ्या पीठाने हे अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले, आणि २०१८ मध्ये सरकारने ते बंद केले. त्या पीठाचे नेतृत्व करणारे न्यायमूर्ती आफताब आलम यांनी कुराणाचाच दाखला दिला होता. यात्रा ऐपत असणाऱ्याने करावयाची आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

हज अनुदान बंद झाले तेव्हा अनेकांनी टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या वाजविणाऱ्यांना मी एकच विचारतो. आपल्या गावच्या सभामंडपाला मिळालेला निधी कोणाचा होता? २०१७ मध्ये नागपूर महानगरपालिकेने एड्सविषयक जनजागृतीची सांगड हनुमान चालिसाच्या सामूहिक पठणाशी घातली, तेव्हा नागपूर खंडपीठापुढे प्रश्न उभा राहिला की महापालिकेच्या कार्यक्रमाला एकाच धर्माचे पठण का? दोन कार्यक्रम वेगळे करावे लागले. हा प्रश्न न्यायालयात जाण्यापूर्वी महापालिकेच्या सभागृहात विचारला जावयास हवा होता. आणि मित्रहो, सभामंडपाच्या ठरावावर ज्यांच्या सह्या असतात त्यांत आपल्या विचाराचे सदस्य कधीच नसतात, असे छातीवर हात ठेवून आपण म्हणू शकतो काय? मते जातील म्हणून आपण सही करतो आणि शिबिरात येऊन धर्मनिरपेक्षतेवर भाषण ऐकतो.

हे मी दुसऱ्यांना शिकविण्यासाठी म्हणत नाही. माझ्याच पदरातील गोष्ट सांगतो. मी ज्या अनुदानित महाविद्यालयात शिकवीत होतो तेथे दरवर्षी श्रावणात प्राध्यापकांच्या खोलीत सत्यनारायण होत असे. पूजेची वर्गणी पगाराच्या दिवशी यादी फिरवून गोळा केली जाई. एका वर्षी यादी माझ्या हाती आली. खालून तिसरे नाव आमच्या मुसलमान शिपायाचे होते. त्यांना आम्ही चाचा म्हणत असू. मी त्यांना एकीकडे घेऊन म्हटले, "चाचा, तुम्ही दिलेच पाहिजेत असे नाही." ते हसले आणि म्हणाले, "सर, नाव तं आधीच लिवलेलं हाय." मी यादीवर माझी सही केली, पैसे दिले आणि तासाला निघून गेलो. त्या तासाला मी सार्वजनिक आयव्यय शिकविला असावा. रक्कम अगदी किरकोळ होती. परंतु ज्याचे नाव न विचारता लिहिले जाते आणि ज्याला ते खोडता येत नाही, त्याच्यापुरते राज्य कोणत्या धर्माचे असते, हे त्या दिवशी मला कळले. कळूनही मी यादी खाली ठेवली नाही. ती सही अजून मला बोचते.

म्हणून नाशिकच्या एका शिक्षकाविषयी मला विशेष आदर वाटतो. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी ते उभे राहत, पण हात जोडत नसत. संस्थेने ही बेशिस्त मानली आणि त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली. ते उच्च न्यायालयात गेले. २०१३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की हात जोडण्याची सक्ती हा त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यावर आघात आहे. त्यांनी कोणाचे हात सोडविले नाहीत. फक्त स्वतःचे जोडले नाहीत. पुढील वर्षी, २०१४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने आणखी एक निर्णय दिला. सरकारी अर्जात धर्म लिहिण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, आणि 'कोणताही धर्म नाही' असे सांगण्याचा अधिकारही अनुच्छेद २५ मध्ये सामावलेला आहे.

या निर्णयाचा अर्थ येथे मेळघाटात अधिक स्पष्ट होतो. येथील कोरकू मूल शाळेत दाखल होते तेव्हा त्याच्या धर्माचा रकाना कोण भरतो? बहुधा अर्ज भरणारा बाबू किंवा शिक्षक, आणि तोही न विचारता. त्या मुलाच्या घरी मुठवा देवाची पूजा होत असेल, महादेवाचीही होत असेल. त्याला काय म्हणावयाचे हे त्याच्या आईबापांनी सांगावयाचे आहे. त्याला हिंदू करावयास एक संघटना टपलेली असते, ख्रिस्ती करावयास दुसरी. राज्याने मात्र लेखणी हाती धरून थांबले पाहिजे. चाचांचे नाव यादीत जसे लिहिले गेले, तसेच या मुलाचा धर्मही लिहिला जातो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तुम्ही धर्माचे शत्रू आहात आणि देवळात तुम्हाला लुडबूड करावयाची आहे, असा तो आक्षेप. त्याचे उत्तर वऱ्हाडानेच दिलेले आहे. १९२७-२८ मध्ये अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून डॉ. पंजाबराव देशमुखांनी सत्याग्रह उभारला. हिंदू देवस्थानांची संपत्ती समाजाच्या शिक्षणासाठी उपयोगी पडावी म्हणून १९३२ मध्ये त्यांनी प्रांतिक कायदेमंडळात विधेयक आणले. कोणी त्यांना धर्मद्वेष्टे म्हटले असेल. परंतु देव सर्वांचा असेल तर दार सर्वांना उघडे हवे आणि पेटीचा हिशेबही सर्वांना उघडा हवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरला प्राण पणाला लावले ते विठ्ठलावरील प्रेमापोटीच. त्याच पंढरपुरात १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपविले. त्यावरील न्यायालयीन लढा जानेवारी २०१४ पर्यंत चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या बाजूने कौल दिला. मात्र येथे आपण सावध राहिले पाहिजे. वंशपरंपरेची मिरासदारी जाऊन तेथे सत्ताधारी पक्षाची मिरासदारी आली, तर भक्ताच्या पदरात काय पडले? विश्वस्तपदे ही कार्यकर्त्यांची सोय लावण्याची जागा नव्हे. नियमन करणारे राज्य आणि देवस्थान चालविणारे राज्य यांत अंतर राहिलेच पाहिजे.

कायदा असूनही तो झोपून राहतो, हे २०१६ मध्ये दिसले. सर्व हिंदूंना मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात १९५६ पासून होता. साठ वर्षांनंतर विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या, तेव्हा १ एप्रिल २०१६ रोजी उच्च न्यायालयाने शासनाला त्याची आठवण करून दिली. रस्त्यावर स्त्रियांचे आंदोलन सुरू होतेच, आणि आठवड्याभरात शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्यातील स्त्रियांवरील बंदी न्यायालयाने अवैध ठरविली. तेथे मुस्लिम स्त्रियांनीच याचिका केली होती. एका निकालावर आनंद आणि दुसऱ्यावर मौन, किंवा त्याच्या उलट, असे ज्याचे वर्तन असेल, त्याने स्वतःला धर्मनिरपेक्ष म्हणवून घेऊ नये.

न्यायालयांवर मी सर्व भिस्त ठेवीत नाही. १९९५ मध्ये महाराष्ट्रातीलच निवडणूक खटल्यांत 'हिंदुत्व' ही जीवनपद्धती असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, आणि त्या वाक्याचा पुढे कसा उपयोग झाला हे आपण पाहिले. मतदाराच्या धर्माच्या नावाने मते मागणेही भ्रष्टाचार आहे, हे जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींनी ठरविले खरे, परंतु चार विरुद्ध तीन अशा मतांनी. एका मताने हललेला तराजू उद्या दुसरीकडेही हलू शकतो. न्यायालय विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते, आणि प्रश्न विचारणारा नागरिक गावात तयार व्हावा लागतो.

तेव्हा करावयाचे काय? मी चार साध्या गोष्टी सुचवितो. पहिली, आपापल्या नगर परिषदेचे आणि ग्रामपंचायतीचे ठराव व खर्च माहितीच्या अधिकाराखाली मागवून वाचा, आणि धार्मिक कामावर सार्वजनिक पैसा खर्च होत असेल तर धर्म कोणताही असो, लेखी हरकत नोंदवा. दुसरी, शाळा आणि कचेऱ्यांतील सक्तीला बळी पडणाऱ्या एकट्या माणसाच्या शेजारी उभे राहा. खटला लढण्याचा खर्च त्याच्या एकट्याच्या अंगावर पडू देऊ नका. तिसरी, श्रद्धावान माणसाला हिणवू नका, कारण आपला वाद देवाशी नाही, देवाच्या नावाने चालणाऱ्या सरकारी लेखणीशी आहे. चौथी आणि सर्वांत कठीण, आपल्या प्रचाराचा नारळ देवळात फोडू नका आणि दर्ग्यावर चादर चढवून त्याचा छापील फोटो वाटू नका. श्रद्धा असेल तर एकट्याने जा. पक्षाचा झेंडा बाहेर ठेवून जा.

पातूरच्या त्या पाटीची आठवण ठेवून मी थांबतो. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सर्वांना ठाऊक झाला. परंतु माझ्या मनात राहतात ते फेब्रुवारी २०२० मध्ये हात वर करणारे त्या छोट्या नगर परिषदेचे सदस्य. घटनेतील अनुच्छेद त्यांच्या तोंडी होते की नाही, मला माहीत नाही. आपल्या गावातील शेजाऱ्याला पाटी वाचता आली पाहिजे, एवढे त्यांनी पाहिले, आणि दिल्लीने पाच वर्षांनी त्यांचेच मत कायम केले. पहिला निकाल तेथेच लागला होता. आपापल्या गावात तसा हात वर करण्याची वेळ आपल्यावर येईल, तेव्हा आपण यादीवर मुकाट्याने सही करू नये, एवढीच माझी विनंती आहे. मी एकदा ती केली आहे, म्हणून सांगतो.